मोटारीतील एअरबॅग आणि डोळस निवड

दसरा किंवा पाडवा जवळ आला, म्हणजे आकुर्डी-चिंचवडच्या हमरस्त्यावरील मोटारींच्या शोरूमसमोर सकाळपासून कुटुंबेच्या कुटुंबे येऊन उभी राहतात. नवी गाडी फुलांच्या माळा ल्यालेली दाराशी सज्ज असते. घरधनी किल्ली स्वीकारतो, घरधनीण बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक रेखाटते, चाकांखाली लिंबे ठेविली जातात, नारळ फुटतो आणि पेढे वाटले जातात. पुढील काचेच्या आत, डॅशबोर्डावर, गणपतीची सुबक मूर्ती चिकटविण्यात येते. आणि घरातील सर्वांत धाकट्या मुलाला मोठ्या कौतुकाने पुढच्या आसनावर, आईच्या मांडीवर बसवून गाडी पहिल्या दर्शनासाठी खंडोबाच्या माळाकडे निघते. या सोहळ्यात मनास खटकावे असे वरकरणी काहीच नाही. तथापि ज्या डॅशबोर्डावर ती मूर्ती बसविली आणि ज्याच्यासमोर ते मूल बसविले, त्याच्याच पोटात नायलॉनची एक पिशवी व तिच्याजवळ स्फोटक द्रव्याची एक लहानशी डबी घडी घालून ठेविलेली असते, ही गोष्ट त्या मंडळींपैकी फारच थोड्यांच्या ध्यानी असते.

गाडी घेणारा मनुष्य अडाणी असतो असे मात्र कोणी समजू नये. आकुर्डी, भोसरी, चाकण या पट्ट्यातील रहिवाशाइतका यंत्रांशी परिचय असलेला नागरिक देशात इतरत्र क्वचितच आढळेल. त्याच्या घरातील कोणी ना कोणी पोलाद कापतो, साचे घडवितो, किंवा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजमाप घेणाऱ्या खात्यात काम करतो. शोरूममध्ये तो गाडीचे अॅव्हरेज विचारतो, कर्जाचा हप्ता विचारतो, रंग घासाघीस करून मिळवितो. अलीकडे तो एअरबॅगा किती, दोन की सहा, हेही विचारू लागला आहे. विक्रेता ‘सहा’ म्हणून सांगतो, आणि जणू सहा देवतांचे अभय मिळाले अशा समाधानाने प्रश्न तेथेच मिटतो. त्या पिशव्या केव्हा उघडतात, केव्हा उघडत नाहीत, कोणाला तारतात आणि कोणाला इजा करितात, हे विचारण्याची चाल अद्याप पडलेली नाही; आणि न विचारता सांगण्याची तर नाहीच नाही.

लहान मुलास पुढे बसविण्याच्या सवयीचा उगम शोधू गेल्यास तो याच गावात सापडावा असे वाटते. आकुर्डी हे स्कूटरचे गाव. बजाजचा कारखाना येथे उभा राहिला आणि १९७२ पासून ‘चेतक’ येथूनच देशभर धावू लागली. त्या स्कूटरवर मध्यमवर्गीय कुटुंबाची एक ठरलेली रचना असे: वडील चालविणार, आई मागे एका बाजूस पाय सोडून बसणार, तान्हे तिच्या मांडीवर, आणि थोरले मूल वडिलांच्या गुडघ्यांमध्ये, हँडलला धरून, अगदी पुढे उभे. पुढची जागा हा मुलाचा मान होता. वारा त्याला आधी लागे, रस्ता त्याला आधी दिसे. पुढे मोटार घरात आली तेव्हा वाहन बदलले, पण मुलाचा मान बदलला नाही. आकुर्डीतील त्या जुन्या पेट्रोलवरील स्कूटरचे उत्पादन थांबून पुष्कळ वर्षे लोटली, तरी त्या स्कूटरची बैठक मोटारीत तशीच चालू राहिली आहे. स्कूटरवर पुढचे मूल वाऱ्याच्या तोंडी होते. मोटारीत ते एअरबॅगच्या तोंडी येते, एवढाच फरक.

ही एअरबॅग म्हणजे वस्तुतः काय, ते पाहणे अगत्याचे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार भिंतीवर आदळली, तर साधारणतः सेकंदाच्या एकदशांश भागात ती थांबते. आत बसलेला मनुष्य मात्र मोटारीबरोबर थांबत नाही. तो आपल्या मूळ वेगाने पुढे जातच राहतो आणि चाक, काच किंवा डॅशबोर्ड यांपैकी जे प्रथम आडवे येईल त्यावर जाऊन आदळतो. दहा किलो वजनाचे मूल आईने मांडीवर घट्ट धरिले आहे असे मानले, तर त्या एकदशांश सेकंदात ते धरून ठेवण्यास तिला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतके बळ लागेल. जगातील कोणत्याही मातेच्या बाहूंत इतके बळ नाही, मग तिची माया कितीही मोठी असो. या आदळण्यापासून रक्षण करण्यासाठी पहिली योजना झाली ती सीट-बेल्टची, म्हणजे कमरेवरून व छातीवरून जाणाऱ्या पट्ट्याची. पट्टा शरीरास आसनाशी बांधून ठेवितो. परंतु पट्टा बांधलेला असूनही जबर टकरीत डोके व मान पुढे झेपावतातच. त्या उरलेल्या अंतरासाठी एअरबॅग योजिली. इंग्रजीत तिला ‘सप्लिमेंटल’, म्हणजे पूरक, असे विशेषण जोडलेले असते. चाकावर व डॅशबोर्डावर ‘एसआरएस’ ही जी अक्षरे कोरलेली दिसतात त्यांतील पहिले अक्षर हेच सांगते. ती पट्ट्याची जोडीदारीण आहे, त्याची जागा घेणारी नव्हे.

तिचे कार्य विलक्षण वेगाने चालते. टक्कर झाल्याचे मोटारीतील संवेदकाला सेकंदाच्या एका हजारांशाच्या हिशेबाने कळते. पंधरा-वीस हजारांशांत निर्णय होतो, डबीतील द्रव्य पेटते, वायू निर्माण होतो आणि एकंदर तीस ते पन्नास हजारांशांत पिशवी पूर्ण फुगते. डोळ्याची पापणी लवण्यास यापेक्षा दुपटीहून अधिक काळ लागतो. फुगताना तिचा पुढचा पृष्ठभाग ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगाने माणसाकडे येतो. फुगून झाली की पाठीमागच्या छिद्रांवाटे वायू निसटतो आणि पिशवी मऊ पडू लागते. पट्टा बांधून, योग्य अंतरावर बसलेल्या प्रौढ मनुष्याचे डोके तिच्यावर येते ते या मऊ पडण्याच्या क्षणी, आणि म्हणूनच तो वाचतो. जो मनुष्य किंवा जे मूल आधीच पुढे झुकलेले आहे, पट्ट्याविना असल्यामुळे ब्रेक लागताच डॅशबोर्डाशी जाऊन टेकले आहे, त्याला ती फुगण्याच्या ऐन क्षणी गाठते. तेव्हा ती उशी राहात नाही. ती एक तडाखा होते. प्रौढाच्या छातीवर बसणारा तो तडाखा मुलाच्या मानेवर व तोंडावर बसतो, कारण मुलाची मान त्याच उंचीवर असते. डॅशबोर्डावरील मूर्ती झाकणाच्या मार्गात असेल तर तीही त्याच वेगाने मागे भिरकावली जाते.

हे सर्व ज्ञान मोठी किंमत देऊन मिळालेले आहे, आणि ती किंमत प्रथम अमेरिकेने मोजली. मोटारीतील हवेच्या उशीचे पेटंट जॉन हेट्रिक या अमेरिकन गृहस्थाने १९५३ मध्ये मिळविले होते. परंतु ती प्रत्यक्षात येण्यास दोन-तीन तपे लागली. अमेरिकेतील लोक तेव्हा पट्टा बांधावयास राजी नव्हते. जो मनुष्य स्वतःच्या रक्षणासाठी हातही हलविणार नाही, त्याचे रक्षण त्याच्या नकळत करावे, असा विचार तेथे बळावला आणि एअरबॅगकडे पट्ट्याचा पर्याय म्हणून पाहिले जाऊ लागले. सरकारी नियमांतील कसोटी अशी होती की, पट्टा न बांधलेला, मध्यम बांध्याचा एक प्रौढ पुरुष-पुतळा ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाच्या टकरीत वाचला पाहिजे. अशा पुतळ्यास वाचवावयाचे तर पिशवी मोठी आणि फार जोरकस हवी. कारखानदारांनी ती तशी केली. १९९१ च्या कायद्याने १९९८ च्या मॉडेलपासून सर्व मोटारींत पुढील दोन्ही एअरबॅगा सक्तीच्या ठरल्या. त्या नियमात ज्याचा विचार झाला नव्हता ते म्हणजे पुतळ्याहून लहान असलेले सर्व जग: मुले, तान्ही बाळे, ठेंगण्या स्त्रिया.

१९९०च्या दशकाच्या मध्यास एकामागून एक वृत्ते येऊ लागली. गाडीचे नुकसान म्हणावे तर एखादा बंपर वाकलेला, टक्कर इतकी मंद की त्यात कोणी दगावण्याचे कारणच नव्हते, आणि तरीही पुढे बसलेले मूल गेलेले. तेथील महामार्ग-सुरक्षा खात्याच्या गणनेप्रमाणे १९९० ते २००८ या काळात अशा मंद टकरींत पुढच्या एअरबॅगच्या आघाताने २९० हून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांतील जे प्रवासी होते, चालक नव्हेत, त्यांच्यापैकी दहात नऊहून अधिक मुले व तान्ही बाळे होती. बहुतेकांना पट्टा नव्हता, किंवा तान्ह्याची खुर्ची पाठमोरी, पिशवीला अगदी खेटून ठेविलेली होती. बळींपैकी जवळ जवळ नऊ-दशांश १९९८ पूर्वी बांधलेल्या गाड्यांतील होते, कारण त्यानंतर पिशव्यांचा जोर कमी करण्यात आला आणि पुढे आसनावरील वजन ओळखून पिशवी बंद ठेवणारी योजनाही आली.

याच काळात तेथे जे घडले त्याचा विशेष उल्लेख केला पाहिजे. लोकांत घबराट पसरली. कित्येकजण एअरबॅग काढूनच टाका असे म्हणू लागले. सरकारने ती काढू दिली नाही, पण सक्तीचा आंधळा आग्रहही धरला नाही. जानेवारी १९९८ पासून काही विशिष्ट प्रकरणी एअरबॅग चालू-बंद करण्याचा खटका बसवून घेण्याची मुभा मिळाली: ज्यांना तान्हे बाळ पुढेच बसविण्यावाचून गत्यंतर नाही, ज्यांना बारा वर्षांपर्यंतचे मूल पुढे बसवावे लागते, ज्या चालकाला चाकापासून २५ सेंटिमीटर दूर बसणे शक्यच नाही, किंवा ज्यास तसा वैद्यकीय विकार आहे. त्यासाठी अर्ज करावा लागे आणि अर्जात, सरकारी माहितीपत्रक वाचले असल्याचे सहीनिशी लिहून द्यावे लागे. यातील मर्म खटक्यात नव्हते. ते त्या वाचण्यात होते. धोका काय, लाभ काय, आणि आपण कोणत्या गटात मोडतो, हे समजून घेतल्यानंतरच निवडीचा अधिकार हाती येई. न वाचता केलेली निवड ही निवडच नव्हे, हे तत्त्व तेथील सरकारने एका साध्या अर्जात उतरविले होते.

आता आपल्या पट्ट्याकडे वळावयाचे तर चाकणपासून आरंभ करणे क्रमप्राप्त आहे. फोक्सवागेन कंपनीचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि तेथे ‘पोलो’ ही गाडी तयार होऊ लागली. भारतात तिचे जे स्वस्त प्रकार विकले जात, त्यांत एअरबॅग नसे. ग्राहकास हवी तर पैसे अधिक देऊन वरचा प्रकार घेता येई. कायद्याने ते त्याच्या मर्जीवर सोडले होते. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. एअरबॅग नसलेली पोलो आदळली तेव्हा तिचा सांगाडा भक्कम राहिला, परंतु चालकाच्या पुतळ्याला बसलेला मार एवढा प्राणघातक होता की तिला प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्याच गाडीत, त्याच सांगाड्यावर, दोन एअरबॅगा बसवून तीच परीक्षा घेतली तेव्हा चार तारे मिळाले. कारखाना तोच, पत्रा तोच, कामगार तेच. फरक दोन पिशव्यांचा. कंपनीने त्यानंतर एअरबॅग नसलेली पोलो भारतीय बाजारातून काढून घेतली.

ही निवड कोणाची होती, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. कागदोपत्री ती ग्राहकाची होती. त्याने हजारो रुपये वाचविण्याचे पसंत केले, असे म्हणता येईल. परंतु शून्य आणि चार यांमधील अंतर त्याच्यापुढे कोणी मांडले होते काय? त्याच्यापुढे होती ती किंमतीची यादी, आणि तिच्यात एअरबॅग ही म्युझिक सिस्टीम व अॅलॉय व्हील यांच्या ओळीत, चैनीच्या वस्तूंमध्ये बसविलेली. २०१४ च्या परीक्षेपूर्वी ज्यांनी ती गाडी घेतली त्यांनी धोका पत्करला नव्हता. त्यांना धोका दिसलाच नव्हता.

त्यानंतर सरकार जागे झाले. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकासमोर एअरबॅग अनिवार्य झाली. शेजारच्या आसनासाठी ती नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०२१ पासून व जुन्या मॉडेलांना त्याच वर्षाच्या अखेरीनंतर अनिवार्य झाली. जानेवारी २०२२ मध्ये सहा एअरबॅगांच्या सक्तीचा मसुदा निघाला, तो वर्षभर लांबणीवर पडला, आणि २०२३ मध्ये परिवहनमंत्री नितीन गडकरी यांनी ही सक्ती करणार नसल्याचे जाहीर केले. तिच्या ऐवजी आली ती ताऱ्यांची पद्धत. ‘भारत एनकॅप’ या नावाने ती ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. विशेष म्हणजे तिचा कारभार भोसरीच्या केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेकडे, म्हणजे लोक जिला सीआयआरटी म्हणतात तिच्याकडे, सोपविण्यात आला. पहिले पाच तारे त्या डिसेंबरात मिळाले ते टाटांच्या ‘हॅरियर’ व ‘सफारी’ या पिंपरी-चिंचवडातच घडणाऱ्या गाड्यांना. आकुर्डीच्या रहिवाशाने गाडी घ्यावी, ती त्याच्या शेजारच्या गावात बनलेली असावी आणि तिचे तारे ज्या संस्थेने जाहीर केले तिच्या दारावरून त्याने रोज कामास जावे, असा योग इतरत्र दुर्मीळच.

ताऱ्यांची पद्धत ऐच्छिक आहे. गाडी परीक्षेस पाठवावयाची की नाही ते कारखानदाराने ठरवावयाचे, आणि तारे पाहून गाडी घ्यावयाची की नाही ते ग्राहकाने. अर्थात् सक्ती जेथे मागे घेतली तेथे जबाबदारी समजुतीवर येऊन पडली आहे. समजूत मात्र अजून मागेच रेंगाळत आहे, हे महाराष्ट्रातील दोन घटनांवरून दिसून येईल.

४ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, प्रसिद्ध उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीस अपघात झाला. मोटार जगातील उत्तम मोटारींपैकी होती व तिला एअरबॅगांची मुळीच वाण नव्हती. पुढील आसनांवरील दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागे बसलेले मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी, ज्यांनी पट्टे बांधले नव्हते असे पोलिसांनी सांगितले, ते दोघेही जागच्या जागी गेले. मागच्या आसनावर पट्टा बांधण्याचा नियम तेव्हाही होताच. तो कोणास ठाऊकच नव्हता असे म्हणण्यापेक्षा, तो कोणी मनावर घेतला नव्हता, असे म्हणणे अधिक खरे. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतील सर्वांना पट्टा बांधण्याविषयी ताकीद दिली. पुढे काही दिवस मागचे पट्टे आसनांच्या फटींतून शोधून काढण्याची एकच धांदल उडाली आणि नंतर ते पुन्हा फटींत गेले.

दुसरी घटना डिसेंबर २०२४ मधील, नवी मुंबईतील वाशीची. एक कुटुंब सहज बाहेर निघाले होते. पुढे चाललेली मोठी गाडी दुभाजकावर आदळून तिचा मागचा भाग यांच्या बॉनेटवर आला. एअरबॅगा उघडल्या. गाडीतील इतर मंडळी थोडक्या दुखापतींवर निभावली. पुढच्या आसनावर बसलेला सहा वर्षांचा मुलगा मात्र उघडलेल्या एअरबॅगच्या आघाताने दगावला, असे वृत्त सर्व वर्तमानपत्रांनी दिले. अमेरिकेत सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी जे घडत होते तेच, जवळ जवळ शब्दशः, येथे घडले. ते ज्ञान समुद्र ओलांडून येथे आले होते. प्रत्येक गाडीच्या पुढील ऊन-झडपेवर, खुर्चीतल्या बाळावर लाल फुली मारलेल्या चित्राच्या रूपाने ते चिकटविलेलेही असते. मात्र ती झडप कोणी खाली पाडून पाहात नाही. आणि पाहिली तरी फुली कशावर आहे याचा उलगडा करून देणारा तेथे कोणी नसतो.

अशा घटना ऐकून काहीजण म्हणतात की, मारणारी वस्तू हवीच कशास? ज्याला हवी त्याने घ्यावी, नको त्याने घेऊ नये. या म्हणण्यात स्वातंत्र्याची भाषा आहे, पण हिशेब अपुरा आहे. ज्या अमेरिकन खात्याने २९० मृत्यूंची गणना केली, त्याच खात्याच्या अंदाजाने १९८७ ते २०१७ या काळात पुढील एअरबॅगांनी ५०,००० हून अधिक जीव वाचविले. तराजूची दोन्ही पारडी पाहिल्यावर एअरबॅग काढून टाकण्याचा विचार टिकत नाही. टिकतो तो दुसरा विचार: ज्या स्थितीत ती मारते ती स्थितीच येऊ न देण्याचा, आणि ती स्थिती टाळणे हे पूर्णतः गाडीतील माणसांच्या हाती आहे. सक्ती पिशवीची करता येते. मुलास मागे बसविण्याची बुद्धी मात्र सक्तीने उपजत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बाल-आसनाने बांधलेले नसेल तर १,००० रुपये दंड सांगितला आहे. या दंडाची पावती फाडलेली पाहिलेला गृहस्थ आकुर्डीत शोधूनही सापडेल की नाही याची शंकाच आहे.

उलट, न समजता केलेली निवड कोणत्या थरास जाते याचा नमुना बाजारातच मिळत असे. पट्टा न बांधल्यास नवी गाडी टिणटिण वाजत राहते. तो आवाज बंद पाडण्यासाठी पट्ट्याच्या कुलुपात अडकविण्याची एक नुसती धातूची जीभ विकली जाऊ लागली. कोणी ती बाटली उघडण्याचे साधन म्हणून विकी, कोणी सिगारेटचा लायटर म्हणून. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना त्या काढून टाकण्याचा आदेश दिला, तेव्हा अशा १३,११८ जाहिराती उतरविण्यात आल्या. या जिभेचा खरा प्रताप विक्रेता सांगत नसे. गाडीच्या यंत्रणेला मनुष्याने पट्टा बांधला आहे असा खोटा निरोप ती देते; आणि पुष्कळ गाड्यांत पट्टा बांधलेला व न बांधलेला मनुष्य यांसाठी पिशवी उघडण्याची मर्यादा वेगवेगळी ठेविलेली असते. यंत्रास फसवून आपण कोणास फसविले, याचा विचार टिणटिण थांबल्याच्या सुखात कोणाला सुचावयाचा? २०२२ या एका वर्षात भारतात पट्टा न बांधल्याने १६,७१५ माणसे मृत्यू पावली, असे सरकारी अहवाल सांगतो. त्यांतील अर्धी चालक होती, जवळ जवळ अर्धी प्रवासी.

डोळस निवडीचा आणखी एक भाग गाडी घेतल्यानंतर सुरू होतो, तो म्हणजे त्या स्फोटक डबीच्या प्रकृतीचा. टकाटा या जपानी कंपनीने आपल्या डब्यांत अमोनियम नायट्रेट वापरले होते. दमट व उष्ण हवेत वर्षानुवर्षे राहिल्याने ते बिघडे, आणि टकरीच्या वेळी पिशवी फुगविण्याऐवजी डबीच फुटून धातूचे तुकडे माणसाच्या अंगात शिरत. त्यातून इतिहासातील सर्वांत मोठी वाहन-परतबोलावणी घडली. जगभर सुमारे १० कोटी डब्या बदलण्याची पाळी आली आणि २०१७ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. मलेशियासारख्या दमट देशांत माणसे बळी पडली. भारतातही होंडाने आपल्या अनेक जुन्या गाड्या या कारणास्तव परत बोलाविल्या. मुंबईत किंवा रत्नागिरीत दहा-बारा पावसाळे काढलेली जुनी गाडी स्वस्तात घेऊन पुण्याकडे आणणारे लोक पुष्कळ असतात. त्यांनी चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून परतबोलावणी बाकी आहे काय एवढे पाहिले, तर दोन मिनिटांचे काम आहे. बदल फुकट होतो.

जुन्या गाडीबाबत आणखी एक गोष्ट. एअरबॅग एकदाच उघडते. अपघातानंतर ती नवी बसविण्याचा खर्च मोठा असल्याने काही ठिकाणी नुसते झाकण सांधून, कधी आत बनावट पिशवी कोंबून गाडी विकली जाते. २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी असा बनावट पिशव्यांचा एक कारखानाच पकडला होता. किल्ली फिरविताच डॅशबोर्डावर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागतच नसेल, किंवा विझतच नसेल, तर गाडी कितीही चकचकीत असो, सौदा तेथेच थांबवावा आणि ती कंपनीच्या कार्यशाळेत दाखवून घ्यावी.

बाकीच्या गोष्टी घरगुती आहेत. चालकाने छाती आणि चाक यांमध्ये वीतभराहून जास्त, निदान २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे; ठेंगण्या बाईने आसन पुढे ओढण्याऐवजी उंच करून घ्यावे, चाक खाली वळवावे. आसनांच्या कडेला एअरबॅग असेल तर त्यावर हौसेचे जाड, घट्ट शिवलेले आवरण चढवू नये, कारण पिशवी त्या शिवणीतूनच बाहेर यावयाची असते. बंपरासमोर बसविले जाणारे लोखंडी बुलबार २०१७ मध्येच बेकायदा ठरले. टकरीचा जोर गाडीने ज्या क्रमाने शोषावयाचा तो क्रम ते बिघडवितात, आणि संवेदकाचा अंदाजही. तान्ह्यासाठी खुर्ची घेतली तर ती मागच्या आसनावर, आयसोफिक्सच्या कड्यांत अडकवून, पाठमोरी बसवावी. एकाच आसनाचे वाहन असेल आणि बाळ पुढेच न्यावे लागणार असेल, तर एअरबॅग बंद करण्याचा खटका त्या गाडीस आहे की नाही हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. पुष्कळ गाड्यांत तो किल्लीने फिरविता येतो आणि ग्लोव्हबॉक्सजवळ असतो. विक्रेत्यालाही बहुधा तो शोधावा लागतो.

आणि गणपतीची मूर्ती. तिच्यासाठी डॅशबोर्डाच्या मध्यभागी, काचेच्या बुडाशी, एअरबॅगच्या झाकणापासून दूर अशी थोडी जागा कित्येक गाड्यांत असते. नसल्यास लहानसे चित्र पुरते. झाकणाची चौकट डाव्या आसनासमोर बोटाने चाचपून पाहिल्यास सहज सापडते, आणि ती धाकट्या मुलाला दाखवून, तू आजपासून मागे का बसावयाचे, हे त्याच दिवशी, पेढे वाटून झाल्यावर, खंडोबाच्या माळाकडे निघण्यापूर्वी सांगता येते. मुलाला मागची खिडकी द्यावी म्हणजे ते फारसे रुसत नाही.